उतार, लेझीम पथक आणि जुन्या डॉजचे ब्रेक



या वेळी पाठावरचा नेहमीचा निबंध नाही. पण पाचवी ते सातवीच्या मुलांना दाब, द्रव आणि वेग शिकवताना यातलं बरंच काही उपयोगी पडेल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आमच्या गावात दुसऱ्या महायुद्धातली एक लष्करी गाडी आहे. डॉज कंपनीची, उघड्या हौद्याची. गावात तिला नुसतं 'मिलिटरी' म्हणतात. अमेरिकेने १९४२ ते १९४५ या काळात अशा पाऊण टनी गाड्या दीड लाखाहून जास्त बनवल्या. पाऊण टन म्हणजे तिने वाहायचं ओझं. रिकामी गाडीच अडीच टनांच्या वर भरते. युद्ध संपल्यावर अमेरिकन फौजेचं भारतात उरलेलं सामान परत न नेता इथेच विकलं गेलं. जुनी माणसं 'डिस्पोजलचा माल' म्हणतात तो हा. सुभेदार आबांच्या वडिलांनी ही गाडी पुढे एका लाकूड ठेकेदाराकडून घेतली. मूळचं पेट्रोल इंजिन केव्हाच जाऊन तिथे डिझेल इंजिन बसलं आहे, त्यामुळे हौशी संग्राहक नाक मुरडतील. पण चेसी, अ‍ॅक्सल, चाकं आणि ब्रेक सगळं जुनंच. स्टिअरिंगही डाव्या बाजूला.

शिवजयंतीला या गाडीवर महाराजांचा पुतळा ठेवून मिरवणूक निघते. पुढे आमच्या शाळेचं लेझीम पथक, चाळीस मुलं-मुली. त्यांच्यामागे आठ-दहा पावलांवर गाडी. आणि देवळापासून शाळेपर्यंतचा रस्ता चांगलाच उताराचा.

माझे वडील एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये होते. लहानपणापासून गाडीखालून आलेले पाय आणि 'पाना दे गं' एवढंच ऐकत मोठी झाले, त्यामुळे काही गोष्टी नजरेत भरतातच. डिसेंबरात आबा गाडी शाळेसमोर लावत होते. तेव्हा पाहिलं की मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूला टायरवर ओला काळा ओघळ आहे, आणि थांबताना आबा पेडल एकदा नाही, दोनदा मारतात.

"आबा, पेडल पंप करावं लागतंय का?"

"हां, दोन टायमाला धरतं. जुनी गाडी आहे बाई, तिची चाल ओळखायची."

आबा फौजेत ई.एम.ई.मध्ये होते, म्हणजे गाड्या दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये. अशा माणसाला गाडीबद्दल सांगायला जाणं अवघडच. तरी मी म्हटलं, की ब्रेकचं काम झाल्याशिवाय लेझीम पथक गाडीच्या पुढे चालणार नाही. मुलं मागून चालतील, नाहीतर गाडी नको. हे शाळा व्यवस्थापन समितीत गेलं आणि मग दोन दिवस गावात हाच विषय. इतकी वर्षं काही झालं नाही, बाईंनाच कशी भीती वाटते, असं मंडळाच्या पोरांनी ऐकवलं. आबा स्वतः काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "हँडब्रेक आहे की." या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नसतो, मागे जाणाऱ्या शाफ्टवर असतो आणि तो पेडलच्या ब्रेकपासून अगदी स्वतंत्र असतो, हे खरं. पण पेडल खाली गेलं हे कळणार कधी, हात लिव्हरवर जाणार कधी?

मी सातवीच्या वर्गात फळ्यावर हिशोब मांडला. ताशी १० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण पावणेतीन मीटर. गाडी आणि शेवटच्या रांगेमध्ये सात मीटर. किती सेकंद? अडीच. मुलांनीच उत्तर काढलं. वर्ग गप्प झाला नाही, उलट 'मग आपण पळायचं ना बाई' असं एकजण म्हणाला. लेझीम आणि हलगीच्या आवाजात मागचं काही ऐकू येत नाही, हे त्याला पथकातल्याच एका मुलीने सांगितलं. हा हिशोब मी आबांना मुद्दाम दाखवला नाही, पण त्यांचा नातू आमच्याच वर्गात आहे. तो रविवारी आबांनी गाडी जॅकवर चढवली आणि मला निरोप पाठवला.

आता ब्रेकबद्दल. पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या द्रव पुढे ढकलतो. तो दाब पोलादी नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो, तिथले छोटे दट्टे ब्रेकचे लायनर ड्रमला आतून दाबतात. बंद द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा पास्कलचा नियम. ब्लेझ पास्कल हा फ्रेंच गणिती १६२३ ते १६६२ असा जेमतेम ३९ वर्षं जगला. त्याचा नियम मोटारीच्या ब्रेकपर्यंत यायला मात्र अडीचशेहून अधिक वर्षं गेली. माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाने १९१७ मध्ये द्रवाच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. विमानांमुळे जे नाव प्रसिद्ध झालं त्याच भावंडांपैकी हा एक. १९२४ मध्ये क्रायस्लरने चारही चाकांना असे ब्रेक दिले, आणि पुढे १९२८ मध्ये डॉज कंपनीच क्रायस्लरने विकत घेतली. म्हणून या लष्करी गाडीला तेच ब्रेक.

या गाडीत सगळ्यात धोक्याची गोष्ट अशी, की मास्टर सिलिंडर एकच आणि चारही चाकांची वाट एकच. आजच्या गाड्यांत दोन वेगळे मार्ग असतात, एक फुटला तरी दुसरा धरतो. इथे कुठल्याही एका चाकाची नळी फुटली तर चारही चाकांचा ब्रेक गेला. 'एक नळी थोडी पाझरते' असं म्हणून चालत नाही ते यामुळे.

आबांनी चाकं काढायला सुरुवात केली तेव्हा गावातल्या गॅरेजमधला पोरगा मदतीला होता. डावीकडच्या पुढच्या चाकाचा नट सुटेना. त्याने पान्याला पाईप लावून जोर काढला, नट आणखी घट्ट. आबा बाजूला बसून बघत होते. मग म्हणाले, "डावीकडचे उलट्या आट्याचे असतात. दुसरीकडे फिरव." चालत्या चाकाबरोबर नट सैल होऊ नयेत म्हणून त्या काळी डॉजमध्ये डाव्या बाजूला उलटे आटे ठेवायचे. त्या दिवसापासून तो पोरगा आबांचा चेला झाला.

नळ्या वरून बऱ्या दिसत होत्या. त्यांना रंगही दिलेला. खरा प्रकार पट्ट्यांखाली होता. नळी चेसीला जिथे पट्टीने धरलेली असते तिथे चिखल साचतो, ओल टिकते आणि गंज आतल्या आत खात जातो. आबांनी एक पट्टी काढून नळीवर खिळ्याने ओरखडा काढला, तर पापुद्रे निघाले. दुसऱ्या ठिकाणी खिळा आतच गेला. ते बराच वेळ तिथेच उकिडवे बसून राहिले. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच. मग ते उठले आणि म्हणाले, "सगळ्याच काढायच्या. एकपण ठेवायची नाही."

नवी नळी कसली घ्यायची यावर चर्चा झाली. गॅरेजचा पोरगा म्हणाला, फ्रिजची तांब्याची नळी घेऊ, हाताने वळते. आबांनी साफ नाही म्हटलं. साधं तांबं हादऱ्यांनी हळूहळू कडक होतं आणि मग चिरतं. ब्रेकला एकतर दुहेरी गुंडाळीची पोलादी नळी, जिला बाजारात बंडी पाईप म्हणतात, किंवा तांबं-निकेलच्या मिश्रणाची. आबांनी दुसरी घेतली. ती महाग असते, पण गंजत नाही आणि वळवायला सोपी.

रबरी नळ्यांचं, म्हणजे होज पाईपचं, जास्त अवघड झालं. अ‍ॅक्सल खाली-वर होतो, पुढची चाकं वळतात, तिथे पोलादी नळी चालत नाही, रबरी लागते. शहरातल्या एका दुकानात जेसीबीचे होज दाबून देतात. तो दुकानदार म्हणाला, याहून दणकट काही नाही, पाच मिनिटांत करून देतो. दाब सहन होण्याबद्दल त्याचं खरंच होतं. पण जेसीबीच्या नळीतून खनिज तेल वाहतं आणि तिचं आतलं रबर त्यासाठी बनवलेलं असतं. ब्रेकच्या द्रवात तेच रबर फुगतं, सडतं. 'ब्रेक ऑईल' असं आपण म्हणतो खरं, पण ते तेल नसतंच. दोन्हींसाठी रबरं वेगळी. शेवटी आबांच्या फौजेतल्या एका मित्राच्या ओळखीने पुण्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या हौशी माणसाकडून ब्रेकचेच नवे होज मिळाले. त्यांच्यावर एसएई जे १४०१ असा छाप होता. ब्रेकच्या रबरी नळीसाठीचं ते मानक आहे. मुलांना वस्तूवरची बारीक अक्षरं वाचायला सांगतो ना आपण, ते यासाठीच.

सुटे नट घेतानाही मापाचा घोळ होता. गाडी अमेरिकन, म्हणून आटे इंचाचे. इथल्या दुकानात मिळतात ते मिलिमीटरचे. तीन अष्टमांश इंच म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, आणि दुकानातला नट दहाचा. डोळ्याला फरक कळत नाही. एक-दोन आटे जातात आणि मग अडतो, आणि तिथे जोर लावला की पितळी जोडाचे आटे मोडतात. आबांनी प्रत्येक नट हाताने, दोन बोटांनी शेवटपर्यंत जातो का ते पाहिलं आणि मगच पाना लावला. अपूर्णांकाचं दशांशात रूपांतर करायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला मिळालेलं नाही. वर्गात लगेच वापरलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तिकडे जायची. आबांचं काम बघत बसावं असं होतं. जुनी नळी साचा म्हणून समोर ठेवायची. ती मोडली असेल तर जाड तार वाकवून आधी तारेचा आकार करायचा. नळी कापायची ती करवतीने नाही, कटरने, गोल फिरवत. करवतीचा कीस आत राहिला तर तो रबरी वाशरात जाऊन बसतो. कापल्यावर आतली धार काढायची. मग नट नळीवर चढवायचा आणि नंतरच टोक फुलवायचं. "आधी नट, मग फ्लेअर," असं आबा प्रत्येक टोकाला मोठ्याने म्हणायचे. गॅरेजच्या पोराला वाटलं त्याच्यासाठी म्हणतात. नाही, ते स्वतःसाठीच म्हणत होते.

टोक फुलवणं म्हणजे नळीचं तोंड कर्ण्यासारखं उघडणं. ते एकेरी केलं तर दाबाखाली चिरतं. म्हणून आधी ठशाने टोक फुगवून घ्यायचं, मग शंकूने ते आत दुमडायचं, म्हणजे कड दुपदरी होते. झाल्यावर आबा भिंगातून बघायचे. कड एका बाजूला जाड आली तर तेवढा तुकडा कापून पुन्हा. पहिल्या दिवशी सहा टोकं केली, त्यातली दोन कापून टाकली. वळण देताना नळी चपटी होऊ द्यायची नाही, सायलेन्सरपासून लांब न्यायची, आणि कुठेही घासू नये म्हणून थोड्या थोड्या अंतरावर पट्टी मारायची. यात खरंतर काही चमत्कार नाही, चिकाटीच आहे. त्याच वेळी चाकांतल्या सिलिंडरची वाशरंही बदलली. ओघळ तिथूनच येत होता.

रबरी होज बसवताना पीळ पडता कामा नये. आधी एक टोक घट्ट, मग कंसातलं दुसरं, मग वरची क्लिप. चाकाकडच्या टोकाला तांब्याचं नवं वाशर. जुनं वाशर एकदा दाबलं गेलेलं असतं, ते परत बसत नाही. नंतर मी स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवलं आणि आबा खाली पडून बघत होते, की नळी ताणते का, टायरला लागते का.

जुने होज आबांनी फेकायला काढले होते, ते मी मागून घेतले. एक उभा चिरला. बाहेरून भेगासुद्धा नव्हत्या, आणि आतलं रबर फुगून वाट सुतासारखी बारीक झालेली. पुढच्या डाव्या चाकाच्या होजमध्ये तर आतला पदर सुटून पडद्यासारखा लोंबत होता. पेडलचा जोर असला की द्रव त्याला ढकलून पुढे जायचा, पण परत यायला वाट नाही. ते चाक ब्रेक सोडल्यावरही गरम का राहतं, गाडी डावीकडे का ओढते, याचं कारण तिथे हातात आलं. आबा म्हणाले, "मी दोन वर्षं लायनर अ‍ॅडजस्ट करतोय."

हा होज मी दोनदा साबणाने धुतला आणि वर्गात नेला. मुलांनी तोंडाने फुंकू नये, ब्रेकचा द्रव विषारी असतो. म्हणून सायकलचा पंप वापरला. होजचं एक टोक पाण्याच्या बादलीत, दुसऱ्याला पंप. एका बाजूने बुडबुडे येतात, उलटं धरलं की येत नाहीत. मग इंजेक्शनच्या सुया नसलेल्या दोन सिरिंज घेतल्या, ५ मिलिलिटरची आणि २० मिलिलिटरची. सलाईनच्या नळीने जोडल्या, पाणी भरलं. लहान सिरिंज पूर्ण दाबली की मोठीचा दट्ट्या ५ च्या खुणेपर्यंतच सरकतो, पण तो बोटाने अडवून ठेवणं कठीण जातं. वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलाने मोठी सिरिंज धरली आणि सगळ्यात बारक्या मुलीने लहान दाबली. ती जिंकली. मग नळीत मुद्दाम हवेचा मोठा बुडबुडा सोडला. आता ती कितीही दाबते, मोठीचा दट्ट्या जागचा हलत नाही. हवा दबते, पाणी दबत नाही. पुढचा भाग समजण्यासाठी मुलांना एवढं पुरे झालं.

पुढचा भाग म्हणजे हवा काढणं. नव्या नळ्या हवेने भरलेल्या असतात आणि हवा असली की पेडल स्पंजासारखं लागतं. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. इथे मागचं उजवं, मग मागचं डावं, पुढचं उजवं, शेवटी पुढचं डावं. मी पेडलवर, आबा चाकापाशी. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या द्रवात बुडवलेलं.

"दाबा."

"दाबलं."

"धरून ठेवा. सोडायचं नाही." पेडल पायाखालून फळीपर्यंत जातं, बाटलीत बुडबुडे येतात. "बंद केलं. आता सोडा."

मी आधी सोडलं तर हवा परत आत ओढली जाते. असं किती वेळा केलं मोजलं नाही. जुना उरलासुरला द्रव कोऱ्या चहासारखा काळा आला, मग तांबूस, मग स्वच्छ. गॅरेजच्या पोराकडे एकच काम, मास्टर सिलिंडरमधली पातळी कमी होऊ द्यायची नाही. रंगावर थेंब सांडला की लगेच पाणी, नाहीतर रंग उचलतो. दुसऱ्या फेरीनंतर पेडल असं कडक झालं, की माझा पाय अर्ध्यावरच थांबला. आबांनी मला दोन मिनिटं पूर्ण जोराने दाबून धरायला सांगितलं आणि प्रत्येक जोडाला वर्तमानपत्राचा कागद लावत फिरले. मागच्या अ‍ॅक्सलवरच्या जोडाला कागदावर टिकलीएवढा डाग आला. पोरगा म्हणाला, थोडं पिळू. आबांनी नळी सोडवली, टोक कापलं, नवीन फुलवलं. त्या चाकांची हवा पुन्हा पहिल्यापासून काढली. तोवर अंधार पडला होता आणि माझा डावा पाय भरून आला होता, कारण उजवा केव्हाच दमला होता.

द्रवाबद्दल एक गोष्ट शिक्षकांनी आपल्या दुचाकी-चारचाकीसाठीही लक्षात ठेवावी. आपण वापरतो तो डॉट ३ किंवा डॉट ४ हवेतली ओल शोषतो. डॉट ३ चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओल शोषल्यावर तो १४० पर्यंत उतरला तरी मानकात बसतो. घाटात ड्रम तापले की त्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दबते. म्हणजे परत सिरिंजमधला बुडबुडा. शिवाय ते पाणी नळ्या आतून गंजवतं. साधारण दोन वर्षांनी द्रव बदलायचा. उघडी ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षी वापरायची नाही.

चाचणी आधी पटांगणात, मग उतारावर. हौद्यात वाळूची पोती भरली, पुतळा आणि चार माणसं यांच्याहून जास्त वजन होईल एवढी. रस्त्यावर कुणी नाही हे पाहून आबांनी देवळापासून गाडी सोडली आणि मी चुन्याने मारलेल्या रेघांवर थांबवत आणली. तीन रेघा, तीनदा. एकदाच पेडल. गाडी सरळ थांबली, डावीकडे ओढली नाही. खाली आल्यावर आबांनी चारही ड्रमना हाताची उलटी बाजू लावून पाहिली. चारही सारखेच कोमट.

शिवजयंतीला पथक पुढेच चाललं. पण अंतर आठ पावलांवरून वीस पावलं केलं, आणि मध्ये दोरी धरून मंडळाची चार पोरं ठेवली. ही अट माझी होती आणि या वेळी कुणी वाद घातला नाही. आबांनी डॅशबोर्डवर पांढऱ्या रंगाने द्रव बदलल्याचा महिना आणि पुढच्या बदलाचा महिना लिहिला आहे. जुनी गंजलेली नळी शाळेच्या विज्ञान कोपऱ्यात आहे, पट्टीखालचा भाग वर करून ठेवली आहे. कुणाला सिरिंजचा प्रयोग वर्गात करायचा असेल तर सलाईनची नळी आणि सिरिंज दोन्ही कोऱ्या घ्या, वापरलेल्या घेऊ नका, आणि पाण्यात थोडा खाण्याचा रंग टाका, मागच्या बाकावरून दिसतं.